सदोष कृमीची साक्ष
अवयव कसा घडतो, याचा सूक्ष्मदर्शकाखालील शोध

बियाण्यासाठीं राखलेल्या शेतांत जाणता शेतकरी फेरी मारूं लागला, म्हणजे त्याची नजर सारख्या रोपांवर ठरत नाहीं. ती वेगळ्या रोपावर जाते. एखादें ताट अवाजवी उंच वाढलेलें असतें, एखाद्याचें कणीस पोचट असतें, एखाद्याच्या पानांस भलताच रंग असतो. असें रोप दिसलें कीं तो तें उपटून बांधावर टाकतो. बियाणें शुद्ध राहावें म्हणून हें करणें योग्यच आहे. परंतु तें रोप तसें कां झालें, हा प्रश्नहि त्याबरोबर बांधावर पडतो.

मातींतील एका क्षुद्र कृमीच्या बाबतींत कांहीं शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न असा टाकून दिला नाहीं. त्यांनीं बिघडलेलेच कृमि मुद्दाम वेंचून ठेविले, त्यांचे वंश वाढविले, आणि त्यांच्या शरीरांतील एका अवयवाची घडण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पेशीपेशीनें पाहिली. त्यापासून जें ज्ञान मिळालें, तें निरोगी कृमीकडे जन्मभर पाहूनहि मिळालें नसतें. त्या शोधाची हकीकत, आणि तिचा आपल्या शेताशीं संबंध कोठपर्यंत पोहोंचतो, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

हा कृमि कोणता?

सूत्रकृमि म्हटलें कीं वांगीं, टोमॅटो, भेंडी, डाळिंब यांच्या मुळांवर येणाऱ्या गांठी आपल्या डोळ्यांपुढें येतात. त्या गांठी करणारे कृमि मेलॉयडोगायनी या प्रजातीचे. येथें ज्याची गोष्ट सांगावयाची, तो त्यांचा दूरचा भाऊबंद आहे. त्याचें शास्त्रीय नांव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. तो कोणत्याहि पिकाच्या मुळांत शिरत नाहीं, कीं जनावराच्या पोटांत राहत नाहीं. कुजणाऱ्या वनस्पतींत वाढणारे जीवाणु हेंच त्याचें अन्न. अल्जीयर्स येथील ग्रंथपाल एमिल मोपा यांनीं इ. स. १९०० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज जगांतील प्रयोगशाळांतून जो वंश प्रमाण म्हणून पाळला जातो, त्याचे पूर्वज इंग्लंडांत ब्रिस्टॉल येथें अळिंबीच्या कंपोस्ट खतांत इ. स. १९५१ सालीं सांपडले. हा प्राणी शेतीच्या खतांतूनच विद्वानांच्या दारीं गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंतील सिडनी ब्रेनर यांनीं इ. स. १९६० नंतरच्या दशकांत या कृमीची निवड केली. निवडीचीं कारणें शेतकऱ्यास सहज पटण्यासारखीं आहेत. पूर्ण वाढलेल्या कृमीची लांबी सुमारें एक मिलिमीटर, म्हणजे इंचाचा पंचविसावा भाग. आगर नांवाच्या खळीसारख्या पदार्थाच्या बशींत जीवाणूंचा पातळ थर दिला, कीं त्याचें खाद्य झालें. २० अंश उष्णमानांत त्याची पिढी साडेतीन दिवसांच्या आसपास पुरी होते, आणि एका कृमीपासून सुमारें ३०० पिलें होतात. बहुतेक कृमि उभयलिंगी असतात. म्हणजे गव्हाच्या फुलाप्रमाणें त्यांचें बीज आपलें आपणच फळतें, दुसऱ्याची गरज लागत नाहीं. क्वचित् नरहि होतात, व त्यांच्याकडून संकर करून घेतां येतो. याखेरीज, जो वंश तूर्त नको असेल तो गोठवून वर्षानुवर्षें साठवितां येतो व पुन्हा जिवंत करतां येतो.

सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचें शरीर कांचेप्रमाणें पारदर्शक आहे. चिरफाड न करितां जिवंत कृमीच्या पोटांतील प्रत्येक पेशी दिसूं शकते. त्या पेशींची संख्याहि ठरलेली आहे. उभयलिंगी कृमीची वाढ होत असतां, बीजपेशी सोडून, १,०९० पेशी उत्पन्न होतात. त्यांपैकीं १३१ पेशी ठराविक वेळीं मरून जातात, आणि ९५९ उरतात. प्रत्येक निरोगी कृमींत हाच हिशेब. ज्याच्या शरीराची अशी मोजदाद होऊं शकते, त्याच्या शरीरांतील एका पेशीची चूकहि लपून राहत नाहीं.

बिघाड मुद्दाम कां उत्पन्न करावयाचा?

आई-बापांचे गुण पिलांत उतरतात ते जनुकांच्या द्वारें. जनुक म्हणजे पेशीच्या केंद्रांत असलेला लेख. त्या लेखांतील एखादें अक्षर बदललें, कीं त्यास उत्परिवर्तन म्हणतात. असा बदल निसर्गतः विरळा होतो. पण किरणांनीं किंवा कांहीं रसायनांनीं तो अधिक प्रमाणांत घडवून आणतां येतो. आपल्याकडे हा मार्ग अपरिचित नाहीं. मुंबईंतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें क्ष-किरणांच्या प्रयोगांपासून मिळालेल्या उत्परिवर्तित रोपांचा उपयोग करून भुईमुगाच्या अनेक जाति काढल्या. त्यांपैकीं इ. स. १९९१ सालीं प्रसृत झालेली टीएजी-२४ ही जाति महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तेथें हेतु अधिक उत्पन्नाचा होता. ब्रेनर यांचा हेतु निराळा होता. मोटेचें कोणतें चाक काय काम करितें हें समजण्यास, तें चाक काढून मोट कशी चालते तें पाहावें, असा त्यांचा विचार होता.

त्यांनीं कृमींस एथिल मीथेन सल्फोनेट या रसायनाच्या पातळ द्रावणांत ठेवलें आणि नंतर त्यांची संतति तपासली. पहिल्या पिढींत बहुधा कांहीं दिसत नाहीं, कारण बिघडलेल्या लेखाजवळ दुसऱ्या बाजूचा चांगला लेख असतो व तो काम निभावून नेतो. हा कृमि स्वतःच स्वतःस फळवीत असल्यामुळें दुसऱ्या पिढींत सुमारें चार पिलांमागें एकास दोन्ही लेख बिघडलेले मिळतात, आणि दोष उघडा पडतो. इ. स. १९७४ सालीं ब्रेनर यांनीं आपलें काम प्रसिद्ध केलें. त्यांत सुमारें ३०० उत्परिवर्तित वंशांची व त्यांवरून ठरविलेल्या सुमारें १०० जनुकांची माहिती होती. कोणी वळवळत एकाच जागीं राहणारे, कोणी आंखूड व जाड, कोणी लांबट. परंतु आपल्या विषयास ज्यांचें महत्त्व आहे, ते कृमि अंडीं घालूं न शकणारे होत.

स्वतःच्या पिलांचें भक्ष्य होणारी माता

उभयलिंगी कृमीच्या शरीराच्या मध्यभागीं, पोटाच्या बाजूस, एक लहान द्वार असतें. त्यांतून अंडीं बाहेर पडतात. यास आपण जननद्वार म्हणूं. कांहीं उत्परिवर्तित वंशांत हें द्वार बनतच नाहीं. अंडीं आंतल्या आंत फळतात, पण बाहेर पडण्यास वाट नाहीं. तीं आईच्या पोटांतच फुटतात. पिलें तेथेंच फिरूं लागतात व शेवटीं आईचें शरीर आंतून खाऊन बाहेर पडतात. साध्या भिंगांतून पाहिलें तर आईचें कातडें म्हणजे वळवळणाऱ्या पिलांनीं भरलेली एक पिशवी दिसते.

दुसऱ्या कांहीं वंशांत याच्या उलट प्रकार आढळतो. त्यांत एक द्वार असावयाचें तेथें पोटाच्या बाजूस ओळीनें दोन, तीन किंवा अधिक उंचवटे येतात. ते द्वाराप्रमाणेंच बनूं लागलेले, पण निरुपयोगी असे अवयव असतात.

एकांत अवयव मुळींच नाहीं, दुसऱ्यांत तो गरजेपेक्षां अधिक वेळां. शेतांत असें दिसतें तर आपण दोहोंसहि विकृति म्हणून सारखेंच बाहेर टाकलें असतें. येथें मात्र या दोन विकृति समोरासमोर ठेवल्यानेंच उत्तर मिळालें.

यंत्राखालीं काय दिसलें

पारदर्शक वस्तु साध्या सूक्ष्मदर्शकांतून नीट दिसत नाहीं. पाण्यांतील कांचेच्या तुकड्यासारखी ती नजरेंतून निसटते. जॉर्ज नोमार्स्की या फ्रान्समध्यें काम करणाऱ्या पदार्थवैज्ञानिकानें यावर उपाय काढला होता. प्रकाशाचे दोन किरण एकमेकांच्या अगदीं जवळून वस्तूंतून पाठवावयाचे व पुन्हा एकत्र करावयाचे. त्यांच्या वाटेंतील किंचित् फरक उजेड व सावली या रूपानें दिसतो. यामुळें रंग न देतां, जिवंत कृमीच्या अंगांतील पेशींचीं केंद्रें लहान वाटोळ्या खळग्यांप्रमाणें उठून दिसतात.

केंब्रिज येथील जॉन सल्स्टन यांनीं या साधनानें काम केलें. आगरच्या पातळ थरावर कृमि ठेवावयाचा, त्यास खाण्यापुरते जीवाणु द्यावयाचे, वर पातळ कांच ठेवावयाची, आणि एकेक पेशी कधीं व कोणत्या दिशेस विभागते तें कागदावर मांडीत जावयाचें. अंड्यांतून बाहेर पडल्यावरच्या पेशींची वंशावळ सल्स्टन व रॉबर्ट हॉर्विट्झ यांनीं इ. स. १९७७ सालीं प्रसिद्ध केली. पुढें अंड्यांतील वाढ पाहण्यासाठीं सल्स्टन सुमारें दीड वर्ष, रोज दोन वेळां चार चार तास, यंत्रास डोळा लावून बसत. इ. स. १९८३ सालीं एका पेशीपासून पूर्ण कृमीपर्यंतची वंशावळ पुरी झाली. कुळकर्ण्यानें एखाद्या घराण्याची बखर लिहावी, तशीच ही बखर आहे. फरक इतकाच कीं हींत एकहि माणूस सुटलेलें नाहीं.

या वंशावळींत जननद्वाराची कथा अशी दिसली. पिलाच्या पोटाच्या कातडीखालीं सहा पेशी ओळीनें असतात. त्यांच्या वर, जननग्रंथींत, एक विशेष पेशी असते. तिला शास्त्रज्ञ नांगर-पेशी म्हणतात. हा नांगर शेताचा नव्हे, जहाजाचा, कारण ती ग्रंथीस पोटाच्या भिंतीशीं जखडून ठेवते. तिच्या बरोबर खालीं असलेली पेशी तीन वेळां विभागून आठ पेशी देते. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारणी प्रत्येकीं सात पेशी देतात. या बावीस पेशी मिळून जननद्वार बनतें. उरलेल्या तीन पेशी अशा रीतीनें वाढत नाहींत. त्यांची संतति कातडींत मिळून जाते.

आतां प्रश्न असा कीं, त्या सहांपैकीं तिघींचेंच नशीब निराळें कां? तें त्यांच्या जन्मापासून ठरलेलें असतें, कीं मागाहून कोणी ठरवितें? निरोगी कृमि हजार वेळां पाहिला तरी याचें उत्तर मिळत नाहीं, कारण निरोगी कृमींत नेहमीं तेंच घडतें.

एका पेशीचा निरोप

पहिलें उत्तर पेशी मारून मिळालें. अतिसूक्ष्म लेसर किरणानें जिवंत कृमींतील एकच पेशी जाळतां येते व शेजारच्या पेशींस धक्का लागत नाहीं. ज्युडिथ किंबल यांनीं नांगर-पेशी अशी जाळली, तेव्हां जननद्वार बनलेंच नाहीं. हें काम इ. स. १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. सहाहि पेशी जिवंत व धडधाकट होत्या, पण साऱ्याजणी कातडींत मिळून गेल्या. यावरून सिद्ध झालें कीं नांगर-पेशी खालच्या पेशींस कांहीं निरोप पाठविते, आणि तो मिळाल्यावांचून अवयव उभा राहत नाहीं.

निरोप कसला, तो कोण ऐकतें व ऐकल्यावर पेशीच्या आंत काय होतें, हें उत्परिवर्तित वंशांनीं सांगितलें. हॉर्विट्झ व सल्स्टन यांनीं इ. स. १९८० सालीं पेशींची वंशावळ बिघडविणारे २४ वंश व त्यांचीं १४ जनुकें यांची माहिती दिली होती. हॉर्विट्झ यांच्या बोस्टनजवळील व पॉल स्टर्नबर्ग यांच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळांनीं पुढील वर्षांत ही सांखळी कडीकडीनें जोडली. लिन-३ हें जनुक नांगर-पेशींत निरोपाचा पदार्थ तयार करितें. लेट-२३ हें जनुक खालच्या पेशींच्या पृष्ठभागावर तो निरोप ऐकणारा कान बनवितें. लेट-६० हें जनुक ऐकलेली गोष्ट पेशीच्या आंत पुढें पोहोंचवितें.

यांपैकीं कोणतेंहि एक निकामी झालें तर द्वार बनत नाहीं. मग त्यांचा क्रम कसा लावावयाचा? येथें उलट विकृतीचा उपयोग झाला. शेतावरील उदाहरणानें हें स्पष्ट होईल. धनी मुकादमास सांगतो, मुकादम गड्यास सांगतो, व गडी औत धरतो. काम बंद पडलें तर दोष कोणाचा हें दुरून कळत नाहीं. पण एखादा गडी हुकुमाची वाट न पाहतां रात्रंदिवस औत धरूं लागला, तर मुकादम मुका असला तरी औत चालूच राहील. यावरून कळतें कीं गडी मुकादमाच्या पुढचा आहे. लेट-६० च्या एका उत्परिवर्तनांत असाच प्रकार होतो. निरोप आला न आला तरी तें जनुक पेशीस सतत पुढें ढकलतें, आणि पोटावर अनेक उंचवटे येतात. त्याच कृमींत लेट-२३ चा कान बिघडवून पाहिला, तरी उंचवटे येतातच. म्हणून लेट-६० हें लेट-२३ च्या पुढें काम करितें. एकमेकांच्या उलट अशा दोन विकृति एकाच शरीरांत आणून दोहोंचा क्रम ठरविण्याची ही रीत सूक्ष्मदर्शकाइतकीच महत्त्वाची आहे.

जागा एक, वारस दोन

आणखी एक गोष्ट अशीच उघडकीस आली. नांगर-पेशी होण्याची पात्रता जननग्रंथींतील दोन पेशींस असते. कोणत्या कृमींत कोणती नांगर-पेशी होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. पण होते मात्र एकच, व दुसरी गर्भाशयाच्या कामास लागते. लिन-१२ हें जनुक निकामी झालेल्या कृमींत दोघीहि नांगर-पेशी होतात. उलट तें जनुक सतत जागें राहिलें तर एकहि होत नाहीं. यावरून दिसतें कीं त्या दोघी परस्परांशीं बोलून जागा ठरवितात, आणि त्या बोलण्याचें साधन लिन-१२ आहे. आयव्हा ग्रीनवाल्ड, स्टर्नबर्ग व हॉर्विट्झ यांनीं हें इ. स. १९८३ सालीं दाखविलें. हेंच जनुक पुढें खालच्या ओळींतहि उपयोगी पडतें: मधली पेशी आपल्या दोन्ही शेजारणींस “तुम्ही माझ्यासारख्या होऊं नका” असें त्याच्या द्वारें कळविते, म्हणून द्वारास मध्य एकच राहतो.

या सर्वांचें सार असें: अवयव कोणा एका पेशीच्या पोटांत तयार नकाशा म्हणून बसलेला नसतो. पेशींनीं एकमेकींस वेळेवर सांगितलेल्या व ऐकलेल्या गोष्टींतून तो उभा राहतो. सांगणें थांबलें तर अवयव नाहीं. सांगण्यावांचून ऐकूं येऊं लागलें तर अवयव नको तेथें.

लक्षण एक, कारणें अनेक

शेतकऱ्यानें विशेष लक्षांत ठेवावें असें या संशोधनांत एक प्रकरण आहे. अंडीं पोटांत अडकलेला प्रत्येक कृमि द्वारावांचूनच असतो असें नाहीं. कांहीं वंशांत द्वार अगदीं यथास्थित असतें. पण तें उघडणाऱ्या स्नायूंस चालना देणाऱ्या दोन मज्जापेशी नसतात. नरांत या दोन पेशी ठराविक वेळीं मरतात. ईजीएल-१ या जनुकाच्या एका उत्परिवर्तनानें त्या उभयलिंगी कृमींतहि मरतात. अशा कृमीस सेरोटोनिन हें द्रव्य दिलें तर तो अंडीं घालतो, कारण तें द्रव्य मज्जापेशींचें काम करून देतें. ज्यास द्वारच नाहीं त्यास तें देऊन उपयोग होत नाहीं. याशिवाय उपाशी ठेवलेला निरोगी कृमिहि अंडीं आंत धरून ठेवतो, व त्याच्याहि पोटांत पिलें फुटतात.

वरून पाहणारास हे तिन्ही कृमि सारखेच. पहिल्याचा दोष अवयवाच्या घडणींत, दुसऱ्याचा मज्जातंतूंत, व तिसऱ्याचा दोष मुळीं त्याच्यांत नाहींच, परिस्थितींत आहे. त्यांतील भेद तीन गोष्टींनीं कळतो: यंत्राखालीं अवयव पाहिल्यानें, औषधाचा परिणाम पाहिल्यानें, आणि पुढील पिढी चांगल्या खाद्यावर वाढवून पाहिल्यानें. आपल्या शेतांत पान पिंवळें पडतें तें नत्र कमी म्हणून, लोह कमी म्हणून, पाणी तुंबलें म्हणून, कीं मुळास कृमि लागले म्हणून? केवळ पिंवळेपणा पाहून खताचें पोतें फोडणें आणि फुगलेलें पोट पाहून सर्व कृमींस एकच नांव देणें, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

मनुष्याच्या रोगाशीं नातें

लेट-६० या जनुकाचा लेख इ. स. १९९० सालीं वाचला गेला, तेव्हां तें मनुष्याच्या रास नांवाच्या जनुकाचेंच भावंड निघालें. मनुष्याच्या अनेक कर्करोगांत हें रास जनुक बिघडलेलें सांपडतें, व पेशींस थांबण्याची सूचना न मानतां वाढावयास लावतें. ज्या उत्परिवर्तनानें कृमीच्या पोटावर उंचवटे येतात, त्यांत त्या प्रथिनाच्या तेराव्या स्थानावरील घटक बदललेला असतो. मनुष्याच्या कर्करोगांतहि त्याच स्थानावर बदल आढळले आहेत. लिन-३ व लेट-२३ यांचींहि भावंडें मनुष्याच्या शरीरांत आहेत. खतांतील कृमीच्या पोटावरील उंचवटा आणि रुग्णालयांतील गांठ यांच्या मुळाशीं अशी एकच सांखळी निघाली. ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांस अवयवांची वाढ व पेशींचा नियत मृत्यु यांवरील संशोधनाबद्दल इ. स. २००२ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या शेतापुरतें

आतां आपल्या मुळांवरील गांठींकडे वळूं. गांठी करणाऱ्या कृमीची मादी मुळांतच फुगून नासपतीच्या आकाराची होते व जागची हालत नाहीं. तिचें जननद्वार शरीराच्या मागील टोंकास असतें. त्यांतून ती शेंकडों अंडीं एका चिकट पदार्थाच्या पुंजक्यांत घालते. हें द्वार व गुदद्वार यांच्या भोंवतालच्या कातडीवर बारीक रेषांचा ठसा असतो, आपल्या आंगठ्याच्या ठशासारखा. अमेरिकेंतील चिटवुड यांनीं इ. स. १९४९ सालीं या ठशांच्या आधारें गांठी करणाऱ्या कृमींच्या जाति वेगळ्या केल्या. इन्कॉग्निटा जातीच्या ठशांत वरची कमान उंच असते; जाव्हानिका जातीच्या ठशांत दोन्ही बाजूंस स्पष्ट रेषा असतात. मात्र एकाच शेतांतील माद्यांचे ठसे सारखे नसतात, व कांहीं विकृतहि असतात. म्हणून एका मादीवरून निर्णय न देतां अनेक माद्या तपासतात, व आतां जनुकांच्या परीक्षेचीहि जोड देतात.

ही जाति ओळखणें केवळ पंडितांचा छंद नव्हे. फेरपालटासाठीं कोणतें पीक घ्यावें हें त्यावर अवलंबून आहे. इन्कॉग्निटा जातीस भुईमुगावर वाढतां येत नाहीं. अरेनेरिया जातीच्या एका वंशास मात्र भुईमूग चांगला मानवतो. कृमि न ओळखतां भुईमूग पेरणारा शेतकरी एका शेतांत शत्रूस उपाशी मारील, व दुसऱ्या शेतांत त्यासच जेवावयास बोलावील.

येथें एक इशाराहि दिला पाहिजे. एलेगन्स कृमींत सांपडलें तें सर्व कृमींस जसेंच्या तसें लागू पडेल असें मानूं नये. हुमणीच्या वर्गांतील भुंगेऱ्यांच्या सोबतीनें राहणारा प्रिस्टिओंकस नांवाचा सूत्रकृमि आहे. त्याचें जननद्वार दिसावयास बरेंच सारखें आहे. परंतु राल्फ सोमर व त्यांचे सहकारी यांनीं पाहिलें तेव्हां तेथें एकट्या नांगर-पेशीचा निरोप पुरत नाहीं असें आढळलें. जननग्रंथींतील अनेक पेशींकडून अधिक काळ प्रेरणा यावी लागते, व निरोपाचें द्रव्यहि निराळ्या घराण्यांतील आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन इमारतींचे गवंडी निरनिराळे असूं शकतात. यास्तव प्रयोगशाळेंतील कृमीवर गुणकारी ठरलेला उपाय मुळांतील कृमीवरहि चालेल कीं नाहीं, हें त्या कृमीवर व त्या पिकांत पाहूनच ठरवावें लागतें.

शेतकरी बंधूंनीं यांतून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. पिकांत जागोजागीं रोपें खुरटलीं व दुपारीं माना टाकूं लागलीं, तर तीं ओढून न काढतां मातीसह खणून मुळें पाहावींत. कडधान्यें व भुईमूग यांच्या मुळांवर नत्राच्या उपयुक्त गांठीहि असतात. त्या मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असून बोटानें सहज सुटतात. कृमीची गांठ म्हणजे मूळच फुगलेलें असतें, तें सुटत नाहीं. संशय आल्यास मुळांजवळची वीतभर खोलीपर्यंतची ओलसर माती व कांहीं मुळें शेताच्या अनेक ठिकाणांहून घ्यावींत, वाळूं न देतां पिशवींत बांधावींत, आणि पिकाचें व मागील पिकाचें नांव लिहून कृषि विद्यापीठाच्या सूत्रकृमि विभागाकडे तपासणीस द्यावींत. आजारी रोपांबरोबर निरोगी रोपाजवळचाहि एक नमुना द्यावा; कारण दोष कळतो तो निर्दोषाशेजारीं ठेवूनच.

बियाण्याच्या शेतांतील विचित्र रोप उपटावें, हें खरेंच. पण उपटण्यापूर्वीं तें एकटेंच आहे कीं पट्ट्यानें आहे, त्याची मुळें कशीं आहेत, आणि शक्य असल्यास त्याचें बीं वेगळ्या कुंडींत पेरल्यावर तोच दोष पुन्हा येतो कीं नाहीं, एवढें पाहावें. पुन्हा आला तर दोष बियाण्यांत असण्याचा संभव अधिक; न आला तर जमीन, पाणी किंवा कीड यांकडे वळावें.